चार तळहातांवरचा संसार

दसऱ्याच्या दिवशी आमच्या सोसायटीच्या आवारात सकाळी सातपासून बादल्यांचा खडखडाट सुरू होतो. वर्षभर धुळीत उभ्या असलेल्या गाड्या त्या दिवशी न्हाऊनमाखून निघतात. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ, पुढच्या काचेपाशी आपट्याचे पान. गाडी नवी असेल तर चाकाखाली लिंबू. ते लिंबू चेंगरून गाडी वीतभर पुढे सरकली की घरातली माणसे टाळ्या वाजवतात, पेढे वाटले जातात. गेली पस्तीस वर्षे मी हे सारे मोठ्या भक्तिभावाने करत आलो आहे. जुन्या फियाटपासून आताच्या छोट्या गाडीपर्यंत प्रत्येक गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायला मीच वाकलो. पण ज्या चाकाखाली ते ठेवले, त्या चाकाकडे मात्र कधी धड पाहिले नाही.

ते पाहायला मला मेहकरच्या एका टायरवाल्याने शिकवले. त्या शिकवणीची फी फार मोठी पडली असती. थोडक्यात वाचलो, म्हणून आज हे लिहायला बसलो आहे.

गोष्ट मे २०२४ मधली. मेहुण्याच्या मुलाचे लग्न नागपूरला होते. गाडीत मी, सौ., आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई, मुलगी आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा. शिवाय लग्नाचे सामान : आहेराच्या साड्या, लाडवांचे दोन डबे, सासूबाईंची औषधांची पिशवी आणि ‘असू दे, लागेल’ या सदरात मोडणाऱ्या असंख्य वस्तू. पुण्याहून पहाटे साडेचारला निघालो. अहिल्यानगरला चहा झाला आणि नऊच्या सुमाराला छत्रपती संभाजीनगरला पेट्रोल भरायला थांबलो. आता पुढे समृद्धी महामार्ग. मोठा पल्ला म्हणून मोठ्या जबाबदारीने मी पंपावरच्या मुलाला म्हटले, ‘‘जरा हवा बघ रे.’’

यंत्रावर आकडा उमटला : ३७. माझ्या पोटात गोळा आला. गाडी शिकलो तेव्हा आमच्या उस्तादांनी दिलेला मंत्र मी पस्तीस वर्षे जपला होता : उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर ती उन्हाने फुगते आणि टायर फुटतो. बाहेर ऊन आत्ताच भाजत होते, आणि पुढे तर विदर्भ. मी म्हटले, ‘‘चारही चाकं सव्वीसवर आण.’’

मुलगा घुटमळला. ‘‘काका, गाडी लांबून आलीय ना? टायर गरम आहे, म्हणून आकडा जास्त दिसतोय. आणि गाडी भरलेली आहे. राहू द्या तशीच.’’

‘‘तुझं वय किती?’’ मी विचारले. तो गप्प झाला. सौ. म्हणाली, ‘‘अहो, तो रोज हेच काम करतो. सांगतोय तर ऐका ना.’’ त्यावर मी दोघांनाही उष्णतेने हवा कशी प्रसरण पावते यावर एक छोटेसे व्याख्यान दिले. चारही चाकांतून फुस्स फुस्स आवाज आला, आकडा सव्वीसवर आला आणि मी समाधानाने गाडीत बसलो.

समृद्धी महामार्ग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुंबई-नागपूर असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. सपाटीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची परवानगी. ना सिग्नल, ना बैलगाडी, ना मध्येच आडवी येणारी म्हैस. आमची गाडी एकशे दहा-एकशे वीसच्या वेगाने तरंगत चालली होती. आत गार वारा, मागे नातू पुलांची मोजणी करतोय, सासूबाईंना डुलकी लागलेली. जालना मागे पडल्यावर गाडी मागून किंचित डोलल्यासारखी वाटली. मी मनात म्हटले, वारा असेल.

मेहकरच्या अलीकडे, साडेअकराच्या सुमारास, मागून बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. क्षणात गाडीची शेपूट डावीकडे ओढली गेली. माझा पाय आपोआप ब्रेककडे धावला. शेजारी बसलेली मुलगी ओरडली, ‘‘बाबा, ब्रेक नको! स्टिअरिंग धरा, नुसतं धरून ठेवा!’’ का कोण जाणे, आयुष्यात पहिल्यांदा मी तिचे लगेच ऐकले. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरले, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढला. गाडी एका मार्गिकेतून दुसरीत, दुसरीतून परत पहिलीत अशी भरकटत, रिम खरडत, कडेच्या लोखंडी कठड्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. मागून येणारा एक ट्रक भोंगा वाजवत बाजूने निघून गेला. तो अर्धा मिनिट आधी आला असता तर, हा विचार मी अजूनही पुरा करत नाही.

गाडीत कोणी बोलेना. मग सासूबाईंनी डोळे उघडून विचारले, ‘‘आलं का नागपूर?’’ आणि नातू म्हणाला, ‘‘आजोबा, आपला फुगा फुटला.’’

सगळ्यांनी पट्टे बांधलेले होते, मागच्यांनीसुद्धा. तो मुलीचा हट्ट. निघताना मला तो जाच वाटला होता.

खरी फजिती पुढे होती. सगळ्यांना कठड्यापलीकडे उभे केले, सामान उतरवले आणि स्टेपनी काढली, तर ती मऊ! सात वर्षांत तिच्यात एकदाही हवा भरलेली नव्हती. अकोल्याकडचे एक कुटुंब आमची अवस्था पाहून थांबले. त्यांच्याकडे गाडीच्या सॉकेटला लावायचा छोटा पंप होता. त्यांनी हवा भरून दिली, वर पोरासाठी थंड पाण्याची बाटली दिली, आणि आम्ही बैलगाडीच्या वेगाने मेहकरला उतरलो.

टायरची राख

मेहकरचा टायरवाला साठीच्या आसपासचा. त्याने फाटलेला टायर रिमवरून सोडवला, आत हात घातला आणि मूठ माझ्यासमोर उघडली. तळहातावर काळी भुकटी होती, काजळीसारखी.

‘‘हे काय आहे, ठाऊक आहे साहेब? टायरची राख. हवा कमी असली म्हणजे टायर आतल्या आत स्वतःला खातो.’’ मग त्याने बाकीच्या तीन चाकांना गेज लावला आणि मान वर करून विचारले, ‘‘चारीची हवा सारखीच कमी आहे. पंक्चर नाही. कोणी काढली?’’

सौ. माझ्याकडे पाहत नव्हती, हे तिचे उपकार. मी म्हटले, ‘‘मीच काढली. ऊन होतं म्हणून.’’

तो हसला नाही. म्हणाला, ‘‘तापलेल्या माणसाचं रक्त काढलं तर ताप उतरतो का? असे टायर उन्हाळ्यात माझ्याकडे बरेच येतात. तुमच्याबरोबर माणसंही आली, हे बरं झालं.’’

त्यानंतर तासभर त्याने मला जे शिकवले, आणि घरी परतल्यावर मी जे वाचले, विचारले, त्याचा सारांश पुढे देतो आहे. यात नवा शोध काही नाही. पण माझ्यासारखे पस्तीस वर्षे गाडी चालवून अडाणी राहिलेले बरेच असतील, अशी मला दाट शंका आहे.

आधी एक साधा हिशेब पाहा. माणसे आणि सामान धरून छोट्या मोटारीचे वजन तेराशे किलोच्या घरात जाते. प्रत्येक चाकावर सव्वातीनशे किलो आले. टायरमध्ये ३३ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो दाब. भागाकार केला तर एका चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम १४० चौरस सेंटिमीटर येतो. आपला तळहात एवढाच असतो. चारही चाके मिळून वहीच्या एका मोठ्या पानाएवढी जागा. इंजिनाची ताकद, ब्रेकची पकड, वळणावरचा तोल, सगळे काही या चार तळहातांतूनच रस्त्यापर्यंत पोहोचते. आपला अख्खा संसार सेकंदाला तेहतीस मीटर वेगाने त्या चार तळहातांवर धावत असतो.

आणि या तळहातांचा भार खरे म्हणजे रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. तिला हवेची गरज नाही, पण आत बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी बसवली, तेव्हापासून जगाची वाहने हवेवर चालू लागली. टायर म्हणजे त्या हवेची पिशवी. पिशवीत हवा कमी झाली की भार पिशवीच्या बाजूंवर येतो.

आता माझ्या चुकीकडे येतो. एखादी तार दोन्ही हातांत धरून भराभर इकडून तिकडे वाकवली तर काय होते? वाकते त्या जागी ती चटका बसण्याइतकी तापते आणि मग तुटते. टायरचेही तसेच. जमिनीला टेकताना त्याची बाजू थोडी दबते, वर जाताना पुन्हा ताठ होते. माझ्या गाडीच्या टायरचा घेर दोन मीटरहून थोडा कमी. ताशी १२० च्या वेगात तो सेकंदाला सतरा वेळा फिरतो, म्हणजे त्याची बाजू तासाभरात साठ हजारांहून अधिक वेळा वाकते. हवा पुरेशी असेल तर हे वाकणे थोडके असते. हवा कमी झाली की वाकणे वाढते आणि त्यातून निर्माण होणारी उष्णताही वाढते. रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटू लागतात, आणि एका क्षणी बाजू फाटते.

ऊन काय करते? तापमान दहा अंशांनी वाढले की टायरमधला दाब साधारण दीड ते दोन पौंडांनी वाढतो. पहाटेचे २८ अंश दुपारी ४४ झाले तर तीनेक पौंड. गाडी पळाल्याने आणखी चार-पाच. एवढी वाढ गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. सुस्थितीतला टायर त्याने फुटत नाही. उलट, तो वाढलेला आकडा पाहून आपण हवा काढतो आणि टायरला आजारी पाडतो. संभाजीनगरला मी गरम टायर सव्वीसवर आणला, म्हणजे थंड असताना तो एकवीस-बावीस भरला असता. माझ्या गाडीला भरल्या भाराने हवे होते ३३. सुमारे बारा पौंडांची तूट घेऊन मी पाच माणसांना समृद्धीवर घेऊन गेलो होतो. पंपावरच्या मुलाला हे कळत होते. मला त्याचे वय दिसले, त्याचे ज्ञान दिसले नाही.

दारामागचा कागद

३३ हा आकडा मला कुठे सापडला? चालकाचे दार उघडल्यावर खांबावर एक छोटा कागद चिकटवलेला असतो. सात वर्षांत रोज ते दार मी उघडले, कागद वाचला नाही. त्यावर दोन रकाने होते : दोघे-तिघे असतील तर ३०, गाडी भरलेली असेल तर ३३. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे, काहींचे पुढच्या-मागच्या चाकांचेही वेगळे. शेजाऱ्याचा आकडा आपल्याला चालत नाही. टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते; तेवढी हवा भरायची नसते.

हे आकडे थंड टायरचे. थंड म्हणजे गाडी तीनेक तास उभी असलेली, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली. म्हणून हवा पाहायची ती सकाळी, पहिल्या पंपावर. वाटेत गरम टायर तपासावा लागला आणि आकडा जास्त दिसला, तर दिसू द्यावा. कमी दिसला मात्र, तर प्रकरण गंभीर आहे, तिथेच हवा भरून घ्यावी. पंपावर हवा तपासून मिळते, तरी आपला स्वतःचा गेज असावा. पेनाएवढी वस्तू, किंमत एका कुटुंबाच्या मिसळीपेक्षा जास्त नाही.

आजकाल बरेच जण नायट्रोजन भरतात. भरावा, वाईट काही नाही. तो थोडा सावकाश गळतो. पण आपल्या साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला म्हणजे तपासायची कटकट गेली, असे समजणाऱ्यांपेक्षा साधी हवा दर पंधरवड्याला पाहणारे जास्त शहाणे.

टायरची जन्मपत्रिका

‘‘साहेब, हा टायर कधीचा?’’ टायरवाल्याने विचारले. मी म्हटले, ‘‘चांगला आहे की. नक्षी बघा, अर्धीसुद्धा गेलेली नाही.’’ त्याने ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसली आणि लंबगोल चौकटीतल्या चार आकड्यांवर बोट ठेवले : १४१७. सन २०१७ चा चौदावा आठवडा. सात वर्षांचा टायर. माझी गाडी निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा भाजी आणायला बाहेर पडते, त्यामुळे नक्षी शाबूत होती. पण उघड्यावरच्या उन्हाने रबर कडक झाले होते. बाजूला केसासारख्या बारीक भेगा होत्या. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर घासत नाही, म्हातारा होतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी तो जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांनंतर दिसायला कितीही चांगला असला तरी काढून टाकावा, असे टायर बनवणारेच सांगतात. आपल्याकडचे ऊन पाहता मी स्वतःसाठी सहा वर्षांची रेघ आखली आहे. नवा टायर घेतानाही हे चार आकडे वाचून घ्यावेत. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला टायरही ‘नवा’ म्हणून मिळतो.

त्याच बाजूवर बाकीची पत्रिका असते. माझ्या टायरवर १६५/८० आर १४ ८५ टी असे लिहिले आहे. रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, रिमचा व्यास १४ इंच. शेवटच्या ८५ चा अर्थ एका टायरला ५१५ किलो पेलण्याची क्षमता, आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरची मर्यादा. वाचून वाटेल, मग माझा टायर सव्वातीनशे किलो आणि १२० च्या वेगाला का फुटला? कारण हे आकडे हवा पूर्ण असेल तेव्हाचे आहेत. उपाशी पहिलवानाची मापे घेऊन उपयोग नाही.

राहिली नक्षी. टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. पावसात रस्त्यावरचे पाणी या खाचांतून बाहेर फेकले जाते आणि रबर रस्त्याला भिडते. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर पडायला वाट मिळत नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि गाडी अक्षरशः होडीसारखी तरंगते. तेव्हा स्टिअरिंग हलके लागते, ब्रेकला काही समजत नाही. जुलैत कोकणात उतरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. असे झाले तर घाबरून ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटर सोडून चाक सरळ धरावे, वेग उतरला की टायर पुन्हा रस्ता पकडतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यानुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असायलाच हवी. हे मोजायला पट्टी लागत नाही. टायरच्या खांद्यावर ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. नव्या टायरची खोली सात-आठ मिलिमीटर असते. ती तीनवर आली की पावसाळ्याआधी नव्या टायरचे पैसे बाजूला काढायला लागावे.

झीज कुठे झाली तेही बोलके असते. मधला पट्टा घासला असेल तर हवा सतत जास्त राहिली. दोन्ही कडा घासल्या असतील तर कमी राहिली. एकच कड खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट बिघडले. जागोजाग खळगे पडले असतील तर बॅलन्सिंग किंवा शॉक ॲब्सॉर्बर पाहावेत. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तरी बॅलन्सिंग तपासावे. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल केली तर चारही सारखी झिजतात.

इथे टायरवाल्याने मला आणखी एक धक्का दिला. मी दोन नवे टायर घेतले आणि म्हटले, ‘‘पुढे टाका. स्टिअरिंग पुढे, इंजिनाचा जोर पुढे.’’ तो म्हणाला, ‘‘नवे मागे.’’ कारण असे की, ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते. ते चालकाला कळते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते, आणि ते सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. आमची शेपूट कशी ओढली गेली होती ते मला आठवले. मी वाद घातला नाही. एका दिवसात दोन पंडितांशी वाद घालणे बरे नव्हे.

पंक्चरबद्दल थोडेसे. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतलेला दिसला आणि हवा फारशी जात नसेल, तर तो उपटू नये. तसेच सावकाश पंक्चरवाल्याकडे जावे. नक्षीच्या भागातले छिद्र बुजवता येते. बाजूला छेद गेला किंवा फुगवटा आला, तर तो टायर दुरुस्त होत नाही. खड्ड्यात जोरात आदळल्यावर चारी बाजू एकदा पाहून घ्याव्यात, आतल्या बाजूसुद्धा.

आणि ती बिचारी स्टेपनी. हा शब्द आपल्याकडे कुठून आला, याचा शोध मी नंतर घेतला. वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये जादा चाक बनवण्याचा उद्योग सुरू झाला, त्याचे नाव ‘स्टेपनी स्पेअर व्हील’. तो उद्योग कधीच इतिहासजमा झाला, पण नाव आपल्या गॅरेजमधून अजून गेलेले नाही. नावाला इतके जपणारे आपण, तिच्यात हवा मात्र भरत नाही. २०२० पासून हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच असलेल्या काही मोटारींना जादा चाकाशिवाय विकायची परवानगी मिळाली आहे. तुमची गाडी तशी असेल तर निदान तो संच कुठे ठेवलाय आणि कसा वापरायचा, हे घरच्या अंगणात एकदा पाहून ठेवा. आपल्या गाडीला स्टेपनी असेल तर तिच्यात कागदावरच्या आकड्यापेक्षा दोन-तीन पौंड जास्तच असू द्यावेत. लागेल तेव्हा कमी करता येते, भर रस्त्यात भरता येत नाही.

शेवटी, एवढे करूनही टायर फुटलाच तर? मुलीने सांगितले तेच. ब्रेक नको. चाक दोन्ही हातांनी सरळ धरायचे, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा, मग डावीकडे घ्यायचे, धोक्याचे दिवे लावायचे आणि सगळ्यांना गाडीबाहेर, कठड्यापलीकडे न्यायचे. मी नंतर मुलीला विचारले, ‘‘तुला हे कुणी शिकवलं?’’ म्हणाली, ‘‘ड्रायव्हिंग क्लासमध्ये. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, क्लासला कशाला पैसे घालवतेस, मी शिकवतो की.’’

लग्नाला आम्ही संध्याकाळी पोहोचलो. सीमांतपूजन चुकले, बाकी सगळे मिळाले. सासूबाईंनी नातवाला आणि नातसुनेला आशीर्वाद दिला. त्या वेळी मांडवात सगळे अक्षता टाकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तळहातावरची ती काळी राख येत होती. परतीच्या वाटेवर संभाजीनगरच्या त्याच पंपावर मुद्दाम थांबलो. तो मुलगा होता. मी म्हटले, ‘‘त्या दिवशी तू बरोबर होतास.’’ त्याला काही आठवत नव्हते. रोज त्याला माझ्यासारखे किती शहाणे भेटत असतील! तो फक्त म्हणाला, ‘‘हवा किती ठेवू काका?’’ मी म्हटले, ‘‘काही करू नकोस. टायर गरम आहे.’’

आता दर दुसऱ्या रविवारी सकाळी, गाडी हलवण्याआधी, नातू आणि मी खाली जातो. तो व्हॉल्व्हची टोपणे काढतो आणि मुठीत धरून ठेवतो, मी गेज लावतो, आकडा तो वाचतो. चार चाके आणि पाचवी स्टेपनी. मग टायरवरून हात फिरवायचा : खिळा, काच, भेग, फुगवटा. सगळे मिळून दहा मिनिटे. मागच्या दसऱ्याला शेजाऱ्यांनी नवी गाडी आणली. लिंबू ठेवायला मलाच बोलावले, मान जुना आहे. मी वाकलो, तेवढ्यात नातवाने खिशातून गेज काढून विचारले, ‘‘काका, दारामागचा कागद वाचलात का?’’

शेजारी हसले. मग त्यांनी दार उघडले आणि खाली वाकून पहिल्यांदाच तो कागद वाचू लागले. लिंबू मी त्यानंतर ठेवले.